बेरीज बरोबर आहे

माझ्या थोरल्या चुलत्यानं माझ्या आईला छत्तीस गुंठ्यांना फसवलं, आणि माझ्या गुरुजींनी मला फसवलं. चुलत्यावर माझा फारसा राग नाही. तो सौदा करायला आला होता, त्यानं सौदा केला. मीही आयुष्यभर तेच केलं आहे. समोरचा झोपेत असेल तर त्याला हलवून जागं करायची रीत बाजारात नाही. गुरुजी मात्र सौद्याला आलेले नव्हते. मला गणित शिकवायचा पगार त्यांना सरकार देत होतं.

हे आता लिहायचं कारण असं, की मागच्या महिन्यात गावच्या शाळेत मी जे बोललो ते आळंदपासून उमरग्यापर्यंत पोचलं आहे. लोक म्हणतात, चार पैसे आले आणि जीभ सुटली. पंचाहत्तरी ओलांडलेल्या मास्तरचा भर सभेत पाणउतारा केला. केला. पण कामून केला, हे मला एकानंही विचारलं नाही.

आमचं गाव आळंद तालुक्यातलं, खजुरीच्या बाजूचं. घरात मराठी, बाजारात कन्नड, आणि तालुक्याच्या कचेरीत ज्या भाषेत काम होईल ती. शाळा सरकारी, मराठी माध्यमाची, चार खोल्यांची. त्या शाळेचा मी हिरा होतो. तीसपर्यंतचे पाढे सुलटे, उलटे, मधूनच कुठूनही. पावकी, निमकी, पाऊणकी वेगळ्या. तपासणीला साहेब आले की गुरुजी मला टेबलावर उभं करायचे. एका साहेबांना मराठीचं अक्षर येत नव्हतं. मी एकोणतिसाचा पाढा उलटा म्हटला आणि ते "भेष, भेष" म्हणत माझी पाठ थोपटत राहिले. मी काय बोललो ते त्यांना कळलं नव्हतं. मलाही कळलं नव्हतं. पण मला कळलेलं नाही हे मला सांगणारं कुणी नव्हतं.

गुरुजींची शिक्षा करायची एक पद्धत होती. ते स्वतः हात उचलत नसत. ज्याला पाढा येतो त्यानं, ज्याला येत नाही त्याचं नाक डाव्या हातानं धरायचं आणि उजव्या हातानं गालावर चापट मारायची. चापट हळू बसली तर गुरुजी म्हणायचे, "तुला दाखवू का कशी मारतात?" म्हणून मी कधी हळू मारली नाही. खरं सांगायचं तर मला ते आवडायचं. पाचवीत आम्ही एकवीस जण होतो आणि वीस गाल माझे होते. त्यातला एक गाल भीमनगरातल्या गवंड्याच्या मुलीचा. ती सुट्टीच्या दिवशी बापाच्या हाताखाली विटा द्यायला जायची. बाराच्या पुढचा पाढा तिला कधी आला नाही. तिचं नाक मी रोज धरलं.

मी पाचवीत असताना माझे वडील, अप्पा, वारले. वर्षश्राद्ध व्हायच्या आतच थोरल्या चुलत्यानं वाटणीचा विषय काढला. त्याला आम्ही दोड्डप्पा म्हणायचो. आमच्याकडं वाटणीची जुनी रीत आहे: थोरल्यानं वाटे पाडायचे, धाकट्यानं आधी उचलायचा. थोरला लबाडी करेल तर मोठा वाटा धाकटाच उचलून नेईल, म्हणून थोरल्याला समान वाटे पाडावेच लागतात. रीत चांगली आहे. फक्त उचलणाऱ्याला मोठा वाटा ओळखता आला पाहिजे.

अप्पा नव्हते, म्हणून उचलायचा मान माझा. दहा वर्षांचा.

मोजणीदार बोलवावा असं गावातल्या एका म्हाताऱ्यानं सुचवलं. दोड्डप्पा म्हणाला, "सरकारी माणूस कशाला? आपल्या घरात चोर हाय का? पुतण्या शाळेत पैला नंबर हाय. त्यालाच मोजू द्या. गुर्जी बसतील बाजूला." सगळ्यांना ते पटलं. मला तर इतकं पटलं की आदल्या दिवशी जेवण गेलं नाही.

गुरुजी तेव्हा दोड्डप्पाच्या वाड्याबाहेरच्या खोलीत राहायचे. भाडं नव्हतं. सकाळचं दूध दोड्डप्पाच्या म्हशीचं. हे मी मुद्दाम सांगतो आहे.

कासराभर दिवस वर आल्यावर आम्ही गावातल्या म्हाताऱ्यांना घेऊन शेतात गेलो. आमचं शेत कुऱ्हाडीच्या आकाराचं होतं. वर रस्त्याकडं चौकोनी पातं, खाली ओढ्याच्या काठानं गेलेला लांब दांडा. दोड्डप्पानं पात्याचा एक वाटा केला, दांड्याचा एक. जुन्या मोटेचा नाडा होता, वीस हात लांब. दोन गडी नाडा धरून बांधाबांधानं चालायचे, मी मोजायचो आणि गुरुजी लिंबाखाली बसून वहीत लिहायचे. चौकोनाच्या चारी बाजू बारा-बारा नाडे भरल्या. मी तिथंच ओरडलो, "बारा चोक अठ्ठेचाळीस!" दांडा वीस नाडे लांब आणि पाच नाडे रुंद भरला. "वीस आणि पाच पंचवीस, पंचवीस दुणे पन्नास!"

म्हाताऱ्यांपैकी एकाला मराठी आकडे नीट समजत नसत. त्यानं कन्नडमध्ये विचारलं, "ऐवत्तु?" मी म्हटलं, "ऐवत्तु. पन्नास. हा मोठा."

आई बांधावर उभी होती. आम्ही तिला अव्वा म्हणतो. शाळेचं तोंड तिनं बघितलेलं नाही. ती एक पाऊल पुढं आली आणि म्हणाली, "बाबा, वरच्या चौकोनात बी जास्त जातंय. मी पेरलंय की. तो मोठा वाटायलाय मला."

मी सगळ्यांसमोर म्हटलं, "अव्वा, तू गप बस. तुला पाढे येतात का?"

हशा पिकला. दोड्डप्पा मांडीवर थाप मारून म्हणाला, "घ्या! ह्यो तर मास्तरच निघाला. बाई, आता लेकापुढं काय बोलायचं न्हाई."

आई हसली नाही. ती गुरुजींकडं वळली. पदर दातात धरून तिनं विचारलं, "गुर्जी, लेकरू सांगायलंय ते बरोबर हाय का?"

गुरुजींनी वहीत बघितलं. दोड्डप्पाकडं बघितलं. मग पुन्हा वहीत बघून म्हणाले, "बेरीज बरोबर आहे."

मी पन्नासचा वाटा उचलला. म्हणजे दांड्यातलं ढेकूळ उचलून पदरात टाकायचं असतं, ते आईच्या पदरात टाकलं. म्हाताऱ्यांनी माझ्या आणि दोड्डप्पाच्या कपाळाला विभूती लावली. विभूती लागली की उचललेला वाटा परत ठेवता येत नाही. गावी परतताना दोड्डप्पानं मला खांद्यावर घेतलं होतं. त्या दिवसाइतका उंच मी पुन्हा कधी झालो नाही.

आता हिशोब सांगतो, कारण तो सांगायला मला दहा ओळी लागत नाहीत आणि तेव्हा तो सांगायला तिथं एक पदवीधर माणूस बसलेला होता. चौकोन बारा नाडे लांब, बारा नाडे रुंद. बारा बारे एकशे चव्वेचाळीस. दांडा वीस लांब, पाच रुंद. वीस पंचे शंभर. एकीकडं एकशे चव्वेचाळीस, दुसरीकडं शंभर. फरक चव्वेचाळीसाचा, म्हणजे छत्तीस गुंठे. दोन्ही पाढे मला झोपेत येत होते. त्यातला बाराचा तर मी त्याच बांधावर वापरला होता, फक्त चारापाशी थांबलो. बाराला बारानं गुणायचं असतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी शेताभोवती फिरलो होतो, शेतात गेलोच नव्हतो. कुंपण मोजलं आणि त्याला जमीन म्हणालो.

वाटणीनंतर आठच दिवसांत हरभऱ्याची पेरणी आली. आईनं अख्ख्या शेताला लागायचं त्याच्या निम्मं बी काढलं, बारा पायल्या. अर्धं शेत म्हटल्यावर अर्धं बी. तिफणीच्या चाड्यावर तिनं स्वतः मूठ धरली. संध्याकाळी घरी आली तेव्हा पोतं खांद्यावर होतं आणि त्याच्या तळाशी दोन पायल्या हरभरा होता. तिनं पोतं खाली ठेवलं, तोंड उघडून आत बघितलं आणि बराच वेळ बघत राहिली.

मी विचारलं, "उरलं कामून?"

ती म्हणाली, "माझी मूठ आखडली असंल रे."

दुसऱ्या वर्षी तिनं मूठ आखडू दिली नाही. बाराच्या बारा पायल्या त्या दांड्याच्या पट्टीत कोंबल्या. हरभरा दाट आला, एकमेकाच्या उरावर वाढला, घाटे धरलेच नाहीत. दोड्डप्पाची बायको बांधावरून म्हणाली, "बाई, तुझ्या हाताला गुण न्हाई." आईनं तेही मान्य केलं. तीस वर्षं तिनं त्या पट्टीत राबताना स्वतःच्या हातालाच दोष दिला.

मला किती दिवसांत कळलं ते आता सांगतो. पंधरा दिवसांत. आणि ते सांगणारी शाळा नव्हती.

वाटणीची गोष्ट गावभर झाली होती. शाळेच्या हातपंपावर गवंड्याची मुलगी पाणी पीत होती. मला बघून म्हणाली, "काय रं पाढेवाल्या, पट्टी उचललास म्हणं? फरशी टाकायची म्हणली तर कुठं जास्त लागत्यात, सांग की."

मी म्हटलं, "पन्नासात."

ती हसली. पंपाजवळ छपरावरच्या फुटक्या कवेलूचे तुकडे पडले होते. तिनं सारखे सारखे निवडून तीन ओळी मांडल्या, एकेका ओळीत तीन. बाजूला पाच तुकड्यांची एकच ओळ. मग दप्तराची सुतळी सोडून तिनं पहिल्या आकाराभोवती गुंडाळली, जिथं संपली तिथं गाठ मारली. तीच सुतळी दुसऱ्याभोवती गुंडाळली. गाठ बरोबर गाठीवर आली.

"सुतळी सारखीच लागली का न्हाई? आता तुकडे मोज."

एकीकडं नऊ. एकीकडं पाच.

"माझा बाप सुतळीनं भिंत विकत न्हाई," ती म्हणाली.

मी तिला मारलं. पाढा चुकला नव्हता, गुरुजी तिथं नव्हते, तरी मारलं. दुसऱ्या दिवशी तेराच्या पाढ्याला ती अडखळली तेव्हा परवानगीनं मारलं, आणि तिच्या नाकातून रक्त आलं. गुरुजी म्हणाले, "बस, आता पुढचा."

त्या दिवशी शाळा सुटल्यावर मी गुरुजींच्या खोलीवर गेलो. ते दूध तापवत होते. मी विचारलं, "गुर्जी, बाहेरून न्हाई, आतलं किती हाय ते कसं मोजायचं?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. म्हणाले, "ते क्षेत्रफळ. सहावीला आहे. पुढच्या वर्षी बघू."

हे एक वाक्य मी आयुष्यभर खिशात ठेवलं आहे. त्यांना माहीत होतं. त्याला नाव होतं. ते कुठल्या इयत्तेला येतं हेसुद्धा माहीत होतं. फक्त माझ्या आईची जमीन वर्षभर आधी आली, त्याला ते काय करणार!

त्या वर्षी गणितात मला शंभरपैकी शंभर पडले. गवंड्याची मुलगी नापास झाली. निकाल लागला त्या दिवशी तिच्या बापानं तिचं दप्तर घरी नेलं आणि दुसऱ्या दिवसापासून ती कायमची विटा वाहायला गेली. आमच्या वर्गात गणित येणारी ती एकटी होती.

दहावीनंतर मीही गाव सोडलं. शहाबादेत फरशीच्या खाणीवर लॉरी भरायला लागलो. पुढं गुलबर्ग्यात, आता कलबुर्गी म्हणतात, स्वतःचं गोदाम टाकलं. शहाबादी फरशी, मग टाइल्स, मग ग्रॅनाइट. लोक विचारतात, एवढ्या लवकर कसं जमलं? सांगतो. माझ्यासारखे हजारो लोक या दोन जिल्ह्यांत आहेत. पदवीधर, नोकरदार, पाढे तोंडपाठ. खोलीच्या भिंतींची लांबी कागदावर लिहून आणतात आणि विचारतात, "किती बॉक्स लागतील?" मी टेबलावरून त्यांच्याकडं बघतो. माणूस आकडे बेरजेसाठी मांडून आला आहे की गुणाकारासाठी, हे मला कागद बघताच कळतं. बेरजेवाला असला की मी त्याला चहा सांगतो.

दोड्डप्पाचा मुलगा त्या चौकोनाच्या रस्त्याकडच्या कोपऱ्यात घर बांधायला लागला तेव्हा तोही आला. "अण्णा, घरचंच दुकान हाय, तूच सांग किती लागतील." मी सांगितलं. त्याच्या घरामागं आजही टाइल्सच्या न फोडलेल्या खोक्यांची थप्पी आहे, त्यावर शेवाळ चढलं आहे. गावी गेलो की मी आधी ती बघतो, मग घरी जातो. मला त्याचा पश्चात्ताप नाही. त्याच्या बापानं मला ज्या शाळेच्या बेरजेवर पकडलं, त्याच शाळेतला तोही.

मागच्या महिन्यात शाळेच्या नव्या मुख्याध्यापिकाबाईंचा फोन आला. गुरुजींचा सत्कार ठरला होता. त्यानिमित्तानं चारही खोल्यांच्या भिंतींवर दोन ते तीस पाढे रंगवून घ्यायचे होते. "तुम्ही शाळेचे माजी विद्यार्थी. रंगाचा खर्च उचला, आणि मुलांनी गणितात काय शिकावं यावर दोन शब्द बोला."

मी म्हटलं, "रंग देत न्हाई. फरशी देतो, चारही खोल्यांना, बसवून. पण एक अट हाय. किती लागंल ते पाचवीच्या पोरांनी मला सभेत सांगायचं."

बाई म्हणाल्या, "एवढंच ना? आमची मुलं हुशार आहेत."

सभेला गाव लोटलं होतं. गुरुजी मधल्या खुर्चीत, अंगावर शाल, मांडीवर नारळ. मला बघून त्यांचे डोळे भरले. शेजाऱ्याला म्हणाले, "हा माझा. एकोणतीसचा पाढा उलटा म्हणायचा." मी त्यांच्या पाया पडलो. वाकलो तेव्हा मला दूध तापल्याचा वास आला असं वाटलं. नसेल आला.

माझी वेळ आली. मी पाचवीच्या मुलांना पुढं बोलावलं. खोली वीस फूट लांब, सोळा फूट रुंद. फरशी दोन फूट बाय दोन फूट. किती लागतील? मुलं एकमेकांकडं बघायला लागली. एक पोरगी काही बोलायला गेली, तेवढ्यात पुढच्या ओळीतला पोरगा उठला. भांग पाडलेला, छाती काढून उभा. मी त्याला बघताच ओळखलं.

"वीस आणि सोळा छत्तीस, छत्तीस दुणे बहात्तर! भागिले दोन, छत्तीस!"

टाळ्या पडल्या. शिक्षकांनीही वाजवल्या. एक सर त्याला खूण करून म्हणाले, "शाब्बास."

मी माइकवर म्हटलं, "टाळ्या वाजवलेले हात वरच ठेवा. मला मोजू द्या." हशा झाला. मी हसलो नाही. "छत्तीस फरश्या टाकल्या तर अर्ध्यापेक्षा जास्त खोली मातीची राहील. पोरं त्या मातीत बसतील आणि पाढे म्हणतील. मास्तर, तुम्ही कामून टाळी वाजवलात? तुमच्या घराला फरशी बसवायची हाय का? माझ्याकडं या."

ते सर लाल झाले. बाई माझ्याकडं यायला लागल्या. मी थांबलो नाही. मी सांगितलं की पोराला पाढा यायच्या आधी दोरी द्या, माप द्या, बी द्या. शाळेचं अंगण त्यांनाच मोजू द्या, आधी कडेनं, मग आतून, आणि दोन्ही आकडे वेगळे का येतात यावर त्यांना भांडू द्या. मोजायच्या आधी डोळ्यांनी अंदाज करायला लावा. आणि डोळा एक म्हणाला आणि वही दुसरं म्हणाली तर वहीवर संशय घ्यायला शिकवा, डोळ्याला गप बस म्हणायला नको. उत्तर बरोबर आलं की विचारा, कशाचं उत्तर? अठ्ठेचाळीस काय? नाडे, की माती? हे ज्याला विचारता येत नाही त्याला तीसपर्यंत पाढे येऊन तो फक्त वेगानं फसतो. आणि चुकलेल्या पोराच्या थोबाडीत दुसऱ्या पोराकडून मारून घेऊ नका, कारण मारणारा शिकायचं थांबतो.

मग मी गुरुजींकडं वळलो.

"गुर्जी, एक गणित. एक शेत बारा बाय बारा, एक वीस बाय पाच. तुम्ही कोणतं उचलला असता?"

गावात ती वाटणी माहीत नसलेलं कुणी नव्हतं. गुरुजींनी मांडीवरचा नारळ दोन्ही हातांनी धरला. म्हणाले, "आता त्याचं काय, बाळ..."

"आकडा सांगा. पाढा चुकला तर मी नाक धरणार न्हाई."

मागून कुणीतरी फिसकन हसलं. बाई म्हणाल्या, "अण्णा, बसा आता, कार्यक्रम सत्काराचा आहे."

"सत्कारच करायलोय. गुर्जी, कोणतं?"

"चौरस," गुरुजी म्हणाले.

"हे तुम्हाला तेव्हा माहीत होतं?"

त्यांनी मान हलवली. "होतं."

"मग माझ्या अव्वानं तुम्हाला विचारलं तेव्हा बोलला कामून न्हाई?"

"तिनं विचारलं ते मुलाचं बरोबर आहे का," ते म्हणाले. आवाज अगदी बारीक होता, पण माइक जवळ होता. "बेरीज बरोबर होती. आणि क्षेत्रफळ पाचवीला नव्हतं. तुझ्या चुलत्याच्या खोलीत राहत होतो मी."

मी म्हटलं, "म्हणजे एका खोलीच्या भाड्यात तुम्ही छत्तीस गुंठे विकलात. एवढा स्वस्त सौदा मी बाजारात बघितला न्हाई. दूध तरी चांगलं होतं का?"

मला वाटलं होतं ते रडतील. मला ते हवं होतं. ते रडले नाहीत. त्यांनी शाल नीट केली, माझ्याकडं सरळ बघितलं आणि विचारलं, "तू माझ्या खोलीवर आला होतास, आतलं कसं मोजायचं विचारायला. म्हणजे तुला पंधरा दिवसांत कळलं होतं. तू तुझ्या आईला कधी सांगितलंस?"

मी माइक ठेवला आणि गाडीत जाऊन बसलो. फरशी दुसऱ्या दिवशी पाठवली, मोजून, खोलीमागं ऐंशी. पाढे भिंतीवर रंगलेच. खर्च दुसऱ्या कुणीतरी उचलला. फाटकातून आत गेलं की समोरच बाराचा पाढा आहे.

त्यांचा प्रश्न बरोबर होता, म्हणून उत्तर देतो. मी आईला चाळीस वर्षं सांगितलं नाही. आधी लाज होती, मग दोड्डप्पा मेला, मग वाटलं आता काय उपयोग. त्या दिवशी सभेवरून घरी आल्यावर सांगितलं. ती ओट्यावर तूर निवडत होती. डोळ्यांनी कमी दिसतं, हातानं निवडते. मी चौकोन सांगितला, पट्टी सांगितली, एकशे चव्वेचाळीस आणि शंभर सांगितले. म्हटलं, अव्वा, तू बरोबर होतीस. तुझी मूठ आखडली नव्हती. जमीनच कमी होती.

ती हसली. माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "माझं मन राखायलास व्हय? गुर्जी तिथंच बसले होते की. चूक असती तर ते बोलले नसते का? एवढा शिकलेला माणूस." मी म्हटलं, त्यांनी आज सभेत कबूल केलं, तर म्हणाली, "चारचौघांत धरल्यावर म्हातारं माणूस काय बी म्हणंल," आणि पुन्हा तूर निवडायला लागली. मग स्वतःशीच म्हणाली, "माझ्याच हाताला गुण न्हाई."

त्या चाळीस वर्षांचं मी फेडायचं ते फेडतो आहे, माझ्या पद्धतीनं, आणि ते पुरणार नाही हेही मला माहीत आहे. पण हे एक काम माझ्यानं होणार नाही. माझ्या शब्दावर तिचा विश्वास बसत नाही, कारण तिचा सगळा विश्वास त्या दिवशी लिंबाखाली बसलेल्या माणसावर खर्च झाला आहे.

गुरुजी, तुम्ही अजून चालता-फिरता आहात. आमचं घर शाळेपासून लांब नाही, आणि गाडी मी पाठवीन. सत्काराची शाल घालून या नाहीतर बिनशालीचे या. आईसमोर खाली बसा. तिनं चाळीस वर्षांपूर्वी तुम्हाला एक प्रश्न विचारला होता, त्याचं उत्तर तुम्ही अजून दिलेलं नाही. बेरजेचं सांगू नका, ती आम्हाला पाठ आहे. चौकोन मोठा होता आणि बाई, तुमचा हात बरोबर होता, एवढं तिला तुमच्या तोंडानं सांगा. तिला ऐकू येतं आहे तोवर या.

कधी येताय?